रक्कम नंतर वाढवा, आधी तारीख ठरवा

गोवा विधानसभेच्या सर्व चाळीस सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

गृहआधार (गृहिणींना मासिक मदत) आणि दयानंद सामाजिक सुरक्षा (ज्येष्ठ, विधवा, दिव्यांगांची पेन्शन) या गोव्यातल्या दोन्ही योजनांचे पैसे दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला खात्यात पडावेत आणि ती तारीख नियमाने बांधलेली असावी, या एका मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. अर्थसंकल्पाचे दिवस आले की रक्कम वाढणार का, किती वाढणार, याचीच चर्चा होते. २०२२ च्या निवडणुकीआधी तर महिन्याला पाच हजार, सहा हजार अशी आश्वासनं आम्ही ऐकली. रक्कम वाढली तर कोणाला नको आहे? पण हे पैसे ज्या घरात जातात त्या घरांचा रोजचा व्यवहार मी जवळून बघते. आज जे पंधराशे आणि दोन हजार मिळतात, तेच वेळेवर मिळाले तर सरकारचा एक रुपयाही जास्त न जाता त्यांचा उपयोग कितीतरी वाढेल, हे मी खात्रीने सांगू शकते.

सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आतल्या अंगाला एका वाड्यावर माझं किराण्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेला पसरा. मी बीकॉम झाले, लग्न होऊन इथे आले आणि हळूहळू गल्ल्यावर बसायला लागले. कुठल्या घरात साखर किती लागते, कोणी दुधाची पिशवी बंद केली, कोणाकडे तेलाचा खप एकाएकी उतरला, हे दुकानदाराला न विचारता कळतं. शिवाय उधारीची वही असते. अभ्यासक घरोघर फिरून खर्चाची पाहणी करतात, आमच्याकडे ती रोज आपोआप लिहिली जाते. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तो विश्वासाचा प्रश्न आहे. पण तिच्यात जे दिसतं ते तुमच्यापर्यंत पोचायला हवं, कारण या पैशांचा निर्णय तुम्ही करता.

दोन्ही योजना तुम्हाला माहीत आहेत, तरी हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात. दयानंद योजना २००१ ची, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाची. साठी ओलांडलेली माणसं, विधवा, एकट्या बायका आणि दिव्यांग यांना तिच्यातून पेन्शन मिळते, ज्येष्ठांना महिन्याला २००० रुपये. गृहआधार २०१२ च्या ऑक्टोबरात मनोहर पर्रीकरांच्या सरकारने आणली, महागाईत गृहिणीच्या हाताला आधार म्हणून. नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असलं की विवाहित बाईला ती मिळते. सुरुवातीला १००० रुपये होते, २०१६ पासून १५०० आहेत. माझं माहेर दोडामार्गचं. तिकडे सध्या लाडकी बहीण योजनेशिवाय दुसरा विषय नसतो, पण ती २०२४ ची. गोव्याने हे पाऊल बारा वर्षं आधी टाकलं होतं. तेव्हा बाईच्या खात्यात थेट पैसे घालण्याची कल्पना देशात एवढी रुळलेलीही नव्हती. त्याचं श्रेय गोव्याला मिळायलाच हवं.

आता एका घराचं सांगते. नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासू. नवरा काजूच्या दिवसांत दुसऱ्याची बागायत अर्धलीने, म्हणजे अर्ध्या वाट्याने करतो, बाकी वर्ष मिळेल ती मजुरी. बायको कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत कामाला जाते, पावसात रानातली अळमी (अळंबी) आणि भाजी वाळपईच्या बाजारात नेऊन विकते. सासूला दयानंदचे दोन हजार, सुनेला गृहआधारचे पंधराशे. म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. पणजीत बसून ही रक्कम चिल्लर वाटेल. या घरात मात्र वर्षाच्या बाराही महिन्यांत येऊ शकेल असा हा एकमेव पैसा आहे. मजुरी पावसावर, काजू मोहोरावर, अळमी नशिबावर.

पैसे लागोपाठ वेळेवर पडत होते तेव्हाचं या घराचं पान माझ्यासमोर आहे. उकडे तांदूळ दहा किलो, तेलाच्या लिटरच्या दोन पिशव्या, तूरडाळ, मूग, साखर, चहापुडीचं मोठं पाकीट, कपड्यांचा साबण, अंडी एक डझन, दोन फुलस्केप वह्या, सासूसाठी मारी बिस्किटं. सगळं एकाच दिवशी नेलं आणि आठवड्याच्या आत खातं चुकतं केलं. खाली मी रेघ ओढली आहे.

पुढे हप्ते तटले. कारण आमच्यापर्यंत कधी येत नाही. कोणी म्हणतं फाईल अडली, कोणी म्हणतं निधी नाही, कोणी म्हणतं सर्व्हे चालू आहे. त्या दिवसांचं पान बघा: तेल पाव लिटर. साखर पाव किलो. चहापूड पाच रुपयांची पुडी. तांदूळ दोन किलो. परत तेल पाव लिटर. परत चहापूड पाच रुपयांची. वस्तू त्याच, फक्त तुकड्यांत, आणि दोन दिवसांआड. पान भरून गेलं आहे, पण घरात माल कमी गेला आहे. छोट्या पुडीतली चहापूड किलोच्या हिशेबाने मोठ्या पाकिटापेक्षा बरीच महाग पडते. तेलाचं तसंच, धुण्याच्या पावडरीचं तसंच. मला दुकानदार म्हणून त्यात नफा जास्त सुटतो. पण ज्याच्याकडे कमी आहे त्यानेच एका कप चहाला जास्त मोजायचं, हे रोज डोळ्यांसमोर बघताना बरं वाटत नाही.

काय आधी बंद होतं तेही वहीतूनच दिसतं. पहिली अंडी जातात. मग मूग जातात, तूरडाळ अर्ध्यावर येते. दूध मुलांपुरतं. साखर शेवटपर्यंत तग धरते, कारण दुपारी कामावरून आलं की चहा लागतोच. आणि एक गोष्ट वहीत नाही, ती मला सासूबाईंनी स्वतः सांगितली. त्यांची प्रेशरची गोळी रोजची आहे. पैसे तटले की त्या ती एक दिवसाआड घेतात, म्हणजे पाकीट दुप्पट दिवस पुरतं. डॉक्टरांना त्या हे सांगत नाहीत. प्रेशर का उतरत नाही म्हणून डॉक्टर गोळी बदलतात आणि नवी गोळी जुनीपेक्षा महाग असते.

मधल्या काळात घर चालतं कशावर? उधारीवर. उधारी देणाऱ्यापुढे प्रश्न एकच असतो, पैसे कधी. "वयनी, मांडून दवर गे, गृहआधाराचे पडले की दितां" (वहिनी, लिहून ठेव, पडले की देते), असं म्हणणाऱ्या बाईवर माझा विश्वास आहे. ती बुडवणार नाही हे मला ठाऊक आहे. पण वाळपईचा घाऊक व्यापारी मला पंधरा दिवसांपलीकडे थांबत नाही. एका घराचं थांबवता येतं, दहा घरांचं एकदम थांबवता येत नाही, आणि हप्ते तटतात तेव्हा सगळ्या घरांचे एकदमच तटतात. पैसे पाच तारखेला पडणार हे मला पक्कं माहीत असेल तर वीस तारखेला मी डोळे मिटून माल देईन. माहीत नसेल तर हात आखडावा लागतो. मी आखडला की ती बाई दुसरीकडे जाते. आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्या कंपन्यांची माणसं वाड्यावर येतच असतात. नाहीतर कानातली डुलं गहाण पडतात. त्या व्याजात सरकारच्या पंधराशेचा मोठा लचका तुटतो. तुम्ही विधानसभेत मंजूर केलेली रक्कम आणि बाईच्या ताटापर्यंत पोचलेली रक्कम यांत हा फरक पडतो आणि तो कुठल्याही हिशेबात दिसत नाही.

थकलेले हप्ते पुष्कळदा चतुर्थीच्या तोंडावर एकदम सोडतात. वर्तमानपत्रात बातमी येते, सणाआधी लाभार्थ्यांना दिलासा. चतुर्थीला पैसे हवेतच. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान रानातून आलं तरी करंज्या-नेवऱ्यांचा रवा, तूप, मुलांचे कपडे, घराला चुना, हे सगळं रोखीचं आहे. पण तीन महिन्यांचे पैसे एकदम आले म्हणून मागच्या तीन महिन्यांतली अंडी मुलांच्या पोटात जात नाहीत. एकरकमी पैशाची वाटच वेगळी असते. तो थेट कर्जात, नाहीतर मोठ्या खरेदीत जातो. केनियात अभ्यासकांनी हेच तपासून पाहिलं आहे. काही गरीब घरांना मदत महिन्या-महिन्याने दिली, काहींना एकदम दिली. महिन्याने मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची ददात कमी झाली, एकदम मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी चांगल्या आहेत. पण गृहआधार ही महागाईत स्वयंपाकघर चालावं म्हणून काढलेली योजना आहे, तिचा पैसा महिन्याच्या महिन्यालाच यायला हवा.

सत्तरीतल्या घराचं वर्ष तुम्ही एकदा नीट डोळ्यांपुढे आणा. फेब्रुवारी ते मे काजू. बिया विकल्या जातात, बोंडू भट्टीवर जातात, हातात पैसा खेळतो. मे महिन्यात पुरुमेंत: सुकी मासळी, मिरची, आमसुलं, तांदूळ, पावसाळ्याची सगळी बेगमी. तोवर ठीक असतं. जून उजाडला की मजुरीची कामं आटतात, छपरावर ताडपत्री लागते, मुलांच्या छत्र्या, रेनकोट, वह्या येतात, आणि ताप-खोकलाही याच दिवसांत. जून, जुलै, ऑगस्ट हे तीन महिने सगळ्यांत अडचणीचे. नेमके याच दिवसांत हप्ते तटतात आणि शेवटी चतुर्थीला सुटतात, असं झालं की योजनेचा अर्धा जीव तिथेच गेला.

"फुकटचे पैसे दारूत जातात," हे वाक्य मी शहरातल्या नातेवाइकांकडून अनेकदा ऐकते. आमच्या दुकानापासून चार पावलांवर बार आहे. कोण कधी आत जातो हे मला दिसतं. पिणारा मजुरीच्या दिवशी संध्याकाळी पितो, आणि मजुरी रोख त्याच्याच हातात येते. गृहआधारचे पडले म्हणून बारमध्ये गर्दी झाली, असं मी पाहिलेलं नाही. गर्दी माझ्याकडे होते. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा योजनांचे निष्कर्ष एकत्र करून बघितले होते. थेट पैसे मिळाल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यांना आढळलं नाही. आपल्या देशात मध्य प्रदेशातल्या आठ गावांत २०११ मध्ये सेवा या संस्थेने युनिसेफच्या मदतीने प्रयोग केला. प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला २०० आणि मुलाला १०० रुपये, पुढे ३०० आणि १५०, काही अट न घालता. तिथल्या घरांत खाणं सुधारलं, मुलं शाळेत जास्त जाऊ लागली, लोकांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, आणि कामाला जाणं सोडलं नाही, उलट स्वतःच्या शेतात जास्त राबले. त्या प्रयोगात पैसे महिन्याच्या महिन्याला मिळत होते, एवढं फक्त लक्षात घ्या.

लोक आळशी होतात असंही म्हणतात. पंधराशे रुपयांत पाच माणसांचं घर बसून खाईल हे कोणत्या हिशेबाने? सत्तरी, डिचोली, सांगे, केपे या पट्ट्याने २०१२ मध्ये खाणी बंद होताना पाहिल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत पाहिल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. टायरचं, गॅरेजचं, खानावळीचं काम गेलं. योगायोगाने गृहआधार नेमकी २०१२ च्या त्याच दिवसांत सुरू झाली. पिसुर्ले-होंड्याकडची माझी मावससासू सांगते की त्या काळात दीर-नवरे घरी बसलेले असताना घरात पैसा आणणारी ती एकटी होती, आणि तोही पंधराशे नव्हे, हजार. आयुष्यात पहिल्यांदा घरात तिला विचारून खर्च ठरायला लागले. हे तिने अभिमानाने सांगितलं आहे आणि मी तितक्याच आदराने लिहिते आहे.

गोव्यात गरिबी राहिली कुठे, असाही एक प्रश्न असतो. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात गोव्यातली बहुआयामी गरिबी एक टक्क्याहूनही कमी दाखवली आहे. मी तो आकडा नाकारत नाही. त्या मोजणीत घरात वीज आहे का, गॅस आहे का, शौचालय आहे का, बँकेत खातं आहे का, मुलं शाळेत जातात का, हे बघतात. वर सांगितलेल्या घरात हे सगळं आहे. आणि त्याच घरात जुलै महिन्यात प्रेशरची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. तेव्हा त्या आकड्याकडे बघून ही योजना आता कमी महत्त्वाची झाली असं कृपया समजू नका.

बँकेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पैसे खात्यात पडले म्हणजे बाईच्या हातात पडले, असं वर बसलेल्यांना वाटतं. उत्तर गोवा जिल्हा देशातल्या त्या पहिल्या काही जिल्ह्यांत होता, जिथे १ जून २०१३ पासून गॅसची सबसिडी थेट खात्यात यायला लागली. म्हणजे आम्हाला खात्यात पैसे येण्याची सवय नवी नाही. तरीही काय होतं बघा. खातं बाईचं, पण खात्याला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा, कारण खातं उघडलं तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता. मेसेज त्याच्या फोनवर येतो. तो घरी नसला किंवा त्याने सांगितलं नाही तर तिला कळतच नाही. मग ती कदंबाची बस पकडून तालुक्याला जाते, रांगेत उभी राहून पासबुक मारून घेते आणि पैसे पडलेलेच नाहीत असं कळून परत येते. त्या दिवसाची मजुरी गेली, बसचे पैसे गेले. दोन दिवसांनी कोणीतरी म्हणतं, पडले गे पैसे, की परत जायचं. तारीख ठरलेली असेल तर ही एक फेरी तरी नक्की वाचते.

मे-जूनमध्ये काही जणींच्या खात्यातून ४३६ रुपये कापले जातात. हा जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. विमा चांगला आहे, खातेदार बाई गेली तर घरच्यांना दोन लाख मिळतात. पण खातं उघडताना कागदांवर सह्या घेतल्या तेव्हा हे त्यांना कोणी समजावलं नव्हतं, आणि पंधराशेतले ४३६ गेलेले दिसले की त्या माझ्याकडे पासबुक घेऊन विचारायला येतात. पीएम किसानचे दोन हजार तर आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं असेल तिथे जातात. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं, तिथे आधार जोडलं, आणि किसानचे पैसे गुपचूप त्या खात्यात जमा होत राहिले, असं आमच्या वाड्यावरच घडलेलं आहे. त्या घराला किसानचे पैसे मिळाले ते नशीबच म्हणायचं. सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांची नावं जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरच नाहीत, तिथे जमीनधारकाला मिळणारे पैसे कसणाऱ्याला कुठून मिळणार? पण हा विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल.

हयातीचा दाखला दर वर्षी मागतात. मेलेल्या माणसाच्या नावे पैसे जाऊ नयेत हे मला मान्य आहे, तो आमचाच पैसा आहे. पण दाखला द्यायचा राहिला म्हणून जिवंत माणसाचे पैसे बंद होतात तेव्हा त्याला आधी कोणी सांगत नाही. पैसे पडले नाहीत की पहिल्या महिन्यात तो उशीर झाला असेल असं समजतो. दुसऱ्या महिन्यातही तसंच समजतो, कारण उशीर नेहमीचाच आहे. तिसऱ्या महिन्यात शेजाऱ्याचे पडले आणि आपले नाहीत असं दिसलं की मग विचारपूस सुरू होते. तारीख पक्की असती तर सहा तारखेलाच कळलं असतं की काहीतरी बिघडलं आहे. अनियमितपणामुळे खरी चूकही झाकली जाते.

सगळ्यांत वाईट काळ नवरा गेल्यावरचा. गृहआधार विवाहितेची, दयानंद विधवेची, म्हणजे एका योजनेतून दुसऱ्या योजनेत जायचं. लहान मुलं असलेल्या विधवेला दोन्ही मिळून महिन्याला ४००० रुपये एकाच ठिकाणाहून देण्याचा निर्णय सरकारने घेतला, सर्वांत धाकटं मूल २१ वर्षांचं होईपर्यंत. हा निर्णय मनापासून चांगला आहे आणि ज्यांनी तो घेतला त्यांचे आभार मानते. पण मृत्यूचा दाखला, नावातल्या चुकांची दुरुस्ती, लग्नाआधीचं नाव आणि नंतरचं नाव जुळवणं, उत्पन्नाचा दाखला, हे सगळं करून पहिला हप्ता येईपर्यंत जे महिने जातात ते तिने कशावर काढायचे? दिवस-कार्याचा खर्च झालेला असतो, कमावतं माणूस गेलेलं असतं, बाहेर पडायला लोक काय म्हणतील याची धास्ती असते. अशा वेळी निदान आधीचा पंधराशेचा हप्ता नवी पेन्शन सुरू होईपर्यंत थांबू नये. नंतर हिशेब जुळवून घ्या. पंचायतीत मृत्यूची नोंद झाली की तिथूनच सरकारने तिच्याकडे यावं, तिने सरकारकडे जाऊ नये.

रकमेबद्दल दोनच वाक्यं. महागाई वर्षाला सरासरी पाच टक्के धरली तरी २०१६ च्या पंधराशेची खरेदीची ताकद नऊ वर्षांत साडेनऊशेच्या आसपास येते, म्हणजे योजना जिथून सुरू झाली होती त्या हजाराच्याही खाली. रक्कम महागाईच्या निर्देशांकाला बांधा, सरकारी नोकरांचा महागाई भत्ता तसाच ठरतो.

आता मागणीचं स्पष्ट लिहिते. याच विधानसभेने २०१३ मध्ये नागरिकांना ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा कायदा केला आहे. दाखला किती दिवसांत मिळावा हे कायद्याने ठरवता येतं, तर पेन्शन कोणत्या दिवशी मिळावी हेही ठरवता येईल. दोन्ही योजनांच्या नियमांत तारीख घाला. वर्षाच्या सुरुवातीलाच बारा महिन्यांचा निधी बाजूला काढा, म्हणजे दर महिन्याला नवी फाईल फिरायला नको. एखाद्या महिन्यात उशीर झाला तर कारण आणि नवी तारीख पंचायतीच्या फलकावर लावा, आणि कोणाचे पैसे बंद करायचे असतील तर एक महिना आधी तिच्या घरी लेखी कळवा. अंगणवाडी सेविका गावोगावी आहेत, निरोप पोचवणं कठीण नाही.

कोणती तारीख, हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर पाच. बचतगटाची बैठक, मुलांचा बसचा पास, गॅसचा सिलिंडर, हे सगळं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतं, आणि महिनाअखेरीस नोकरदारांचे पगार आटोपलेले असल्याने बँकेत गर्दीही कमी असते.

येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने तरी हा प्रश्न तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचा म्हणून विचारावा: गेल्या बारा महिन्यांत दोन्ही योजनांचे पैसे कोणत्या महिन्यात कोणत्या तारखेला जमा झाले, आणि पुढच्या बारा महिन्यांत कोणत्या तारखेला होतील? सरकारकडून उत्तर लेखीही घ्या. तारीख मिळाली की मी ती दुकानाच्या फळीवर खडूने लिहून ठेवीन, आणि वाड्यावरच्या प्रत्येक घराला त्या तारखेपर्यंत उधार माल देईन.

आपली नम्र,
सत्तरी तालुक्यातील एक किराणा दुकानदार